वीतभर रोप

दिक्साम पठार, सोकोत्रा

थानी बाळा,

आधी आली ती तुझी लाडकी शेळी, दगडी कुंपण ओलांडून. मागोमाग झाडं मोजणारे दोघे पाहुणे. वादळानं आपलं लाल डिंकाचं झाड पाडलं, तिथं मी बी लावून भोवती हे कुंपण घातलं होतं ना, ते रोप सहा वर्षांत वीतभर झालंय.

"आजी, अख्ख्या पठारावर शेळ्यांनी सोडलेलं एवढंच रोप," त्यातली पोरगी म्हणाली.

"त्या मेल्या कसल्या सोडतायत? मी राखते, म्हणून धुकं पिऊन वाढलं."

पाहुण्यांसाठी शेळी कापावी लागतेच. कुठली, ते विचारू नकोस. म्हणून तर हे पत्र पेटीतच ठेवते, तुझ्याकडे अजमानला धाडत नाही. रोप मात्र वाचलं. कुंपण उंच करायला दोघं गुरुवारी परत येणार आहेत.

तुझी आजी,
सलूमा