रिकामा डबा परत देऊ नये

२ नोव्हेंबर, रविवार

१. सकाळी सोसायटीच्या गेटाबाहेर 'माणुसकीचा फ्रीज' सुरू झाला. घरात उरलेलं चांगलं अन्न आपण ठेवायचं, ज्याला हवं त्याने न्यायचं.
२. फीत अध्यक्ष वामनरावांनी कापली – निवृत्त उपअभियंता. कात्री बोथट. शेवटी फीत ओढून तोडली.
३. भाषणं झाली. तोवर फ्रीज बंदच होता. प्लग लावायचा राहिला होता.
४. प्लग मी लावला.
५. स्वयंसेवक चौदा, सगळे निवृत्त. अन्न न्यायला आलेले – कोणी नाही. मग वॉचमनच्या हातात पोळी-भाजी देऊन फोटो काढला. 'साब, मैं खाके आया हूँ,' तो म्हणाला. फोटोपुरती धरली, परत ठेवली.
६. बाबांनी दाढी केली होती.

सहावा मुद्दा महत्त्वाचा. मे महिन्यात निवृत्त झाल्यापासून बाबा खुर्चीत आहेत. आयुष्यभर एका कचेरीत ना-हरकत दाखले दिले. घरातही काहीही विचारा – जेवता का, पंखा लावू का, टीव्ही बंद करू का – उत्तर एकच: 'हरकत नाही.' आई निदान यावर चिडायची तरी. तिला जाऊन तीन वर्षं होतील.

हैदराबादहून नोकरीचं पत्र आलंय. शीतगृहांची मोठी कंपनी, गुणवत्ता विभाग पूर्ण माझ्या हाती. अठ्ठावीस तारखेला, शुक्रवारी, उत्तर द्यायचंय. बाबांना सांगितलेलं नाही. ते खुर्चीत असताना मी जाणार नाही. पत्र छापून रद्दीच्या गठ्ठ्याखाली ठेवलंय. तिथे कोण बघतंय!

४ नोव्हेंबर

फ्रीजच्या समितीची पहिली बैठक. अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, पैसे नसलेला खजिनदार. बाबा 'आवक-जावक प्रमुख'. मी तळोज्याला फ्रोझन फूडच्या कारखान्यात आहे म्हणून 'तांत्रिक सल्लागार'. सल्ला दिला – फ्रीज पाच अंशांच्या खाली ठेवा, शिळं दुसऱ्या दिवशी टाका. कोणी लिहून घेतला नाही. सगळे एका शब्दावर अडले होते. 'गरजू' म्हणावं की 'लाभार्थी'? 'गरजू'ने मान दुखावतो म्हणे. 'लाभार्थी' मंजूर. टाळ्या!

मग वामनराव म्हणाले, 'आणि एक – फक्त शाकाहारी. पावित्र्याचा प्रश्न आहे.'

बाबांचं बालपण रत्नागिरीकडच्या गावात सुकटीवर गेलंय. ते म्हणाले, 'हरकत नाही.'

'माझी आहे,' अरुणाताई म्हणाल्या. दोन नंबरच्या विंगमध्ये एकट्या राहतात, निवृत्त मुख्याध्यापिका. 'पण मी एकटीच दिसते. तेव्हा चहा आणा.'

७ नोव्हेंबर

पहिली खरी लाभार्थी! रंजिता. सारसोळ्याच्या कोळीवाड्यातून येते, वामनरावांकडे आणि आमच्याकडे पोळ्या करते. वामनरावांनी तिला बोलावून पोळ्यांचं पुडकं दिलं. तीन कोनांतून फोटो.

गेटाबाहेर मी विचारलं, कशाला घेतलंस?

'काका लय मागं लागले, मॅडम. रोज गेटवर उभे असतात बिचारे, कोन येतंय का बघत. आनि पोळ्या माझ्याच हायत. सकाळी मीच लाटल्या. आज जरा मन लावून लाटल्या – म्हटलं, फिरून आपल्याकडंच यायच्यात!'

९ नोव्हेंबर, रविवार

बाबा सकाळी स्वतःहून सारसोळ्याला गेले. सुकट आणली. साफ केली, भाजली, कांदा-मिरची घालून परतली. आई गेल्यापासून गॅससमोर प्रथमच. स्टीलच्या डब्यात भरली, वर चिठ्ठी चिकटवली – 'कोरडी भाजी'.

'बाबा, हे नियमात बसत नाही.'

'भाजीच आहे. समुद्रातली.'

'आणि वास?'

'झाकण घट्ट आहे.'

१० नोव्हेंबर

कोरडी भाजी गेली. डबा धुऊन परत. आत चमचाभर साखर.

१३ नोव्हेंबर

बाबांनी पुन्हा डबा ठेवला. आज परत आला तेव्हा आत चार आमसुलं.

'रिकामा डबा परत देऊ नये,' बाबा म्हणाले. 'जुनी रीत आहे. कोणीतरी चांगल्या घरचं आहे.' नव्या शर्टाला इस्त्री करत होते. शर्ट कधी घेतला, माहीत नाही.

म्हणजे फ्रीजला एक खरा लाभार्थी आहे. मासे खाणारा, रीत पाळणारा, आमसुलं बाळगणारा. वॉचमन नाही – तो अंडंही खात नाही. रंजिताला विचारलं.

'मी? फ्रीजमधली गार सुकट? आमच्या घरात ती वळणीवर वाळत असते, मॅडम!' मग हसतच सुटली. 'तुमी कारखान्यात काय काय तपासता ना? तपासा की मंग!'

हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

वाईट दिवस.

वामनरावांनी फ्रीजची तपासणी ठेवली. सगळे गळ्यात ओळखपत्रं अडकवून हजर. 'कोरडी भाजी' उघडली. वास सुटला.

'हा मासा कुणी ठेवला?'

बाबा उठायला लागले. त्याआधी अरुणाताई उभ्या राहिल्या.

'मी.'

'तुम्ही?' वामनरावांचा आवाज चिरकला. 'अहो, चातुर्मासात तुमच्याकडे कांदासुद्धा चालत नाही!'

'चातुर्मास संपला, वामनराव.'

कोणीतरी हसलं. ते वामनरावांना सहन झालं नाही. पावित्र्यभंग आणि लाभार्थ्यांचा अभाव, या दोन कारणांनी फ्रीज महिनाअखेर बंद. हात वर करून मंजूर.

अरुणाताईंनी बाबांचा आळ स्वतःवर का घेतला? चांगल्या स्वभावामुळे. अधिक अनुमान काढलं नाही.

१८ नोव्हेंबर

बाबांनी दाढी केली नाही. खुर्चीत. चहा घेता का विचारलं. 'हरकत नाही'सुद्धा म्हणाले नाहीत!

हैदराबादला नकाराचा मेल लिहिला. पाठवला नाही. चार ओळी. व्यवस्थित झाला आहे.

२० नोव्हेंबर

बाबा जेवणाच्या टेबलावर जुनं शाईचं पेन घेऊन बसलेले. लिहितात, फाडतात.

'काय लिहिताय?'

'आवक-जावक.'

'फ्रीज तर बंद होतोय.'

'फ्रीज बंद होतोय. आवक-जावक नाही.'

असं कोड्यात बोलायची त्यांना सवय नाही. उद्या रक्तदाब तपासायला हवा.

२२ नोव्हेंबर, शनिवार

रक्तदाब ठीक आहे. कारण वेगळंच निघालं.

सकाळी उठले तर बाबा घरात नाहीत. मोठं पातेलं नाही. खाली रंजिता भेटली. 'काका आनि बाई गेले ना रिक्षातून. खिचडी घेऊन.'

स्टेशनजवळ मजुरांचा नाका आहे. काम मिळेल म्हणून माणसं तिथे सकाळी उभी असतात. मी गेले. अरुणाताई वाढत होत्या, बाबा द्रोण पुढे करत होते. गळ्यात ओळखपत्र नाही, पाटी नाही. रांग मात्र होती.

'भुकेला माणूस आपल्या गेटाशी येऊन पाटी वाचेल, असं कुणी ठरवलं होतं?' अरुणाताई मला म्हणाल्या. 'मी पहिल्या दिवसापासून सांगतेय यांना.'

यांना! मी मागे बघितलं. बाबांशिवाय कोणी नव्हतं.

थोड्या वेळाने वामनराव स्कूटरवरून आले. फोन काढला. एक मजूर म्हणाला, 'साहेब, फोटो ऱ्हाऊ द्या. मीठ आना. खिचडीत कमी हाय.'

वामनराव मीठ आणायला गेले. घेऊनही आले!

बाबा पातेलं घेऊन घरी आले. 'संपली,' म्हणाले. बढतीची बातमी सांगावी तसं. दाढी केलेली होती. ती घरी केली नव्हती – सकाळी वस्तरा कोरडा होता. सोसायटीखालचा सलून शनिवारी लवकर उघडतो.

सलूनमध्ये! खिचडी वाढायला!

२३ नोव्हेंबर

नकाराचा मेल पुन्हा वाचला. एक स्वल्पविराम काढला. पाठवला नाही.

दोन शनिवारांच्या खिचडीवर नोकरी ठरवता येत नाही. अजून तर एकच झालाय. अरुणाताई दमल्या तर? वामनरावांनी त्यात पदं निर्माण केली तर? बाबा परत खुर्चीत, आणि मी हैदराबादला. हा धोका मी घेऊ शकत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कारखान्यातून आले. बाबा घरी नव्हते. आमच्या घरातल्या फ्रीजमध्ये तोच स्टीलचा डबा. वर चिठ्ठी – 'संघमित्रा'. आत घडी घातलेला कागद. जसाच्या तसा उतरवून ठेवते:

प्रति,
कु. संघमित्रा सीताराम जाधव

विषय : ना-हरकत मिळणेबाबत.

महोदया,
उपरोक्त विषयी विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, अर्जदार व श्रीमती अरुणा यांचा पुढील आयुष्य एका घरात काढण्याचा मानस आहे. कोरडी भाजी सदर घरी चालेल (आमसुले श्रीमती अरुणा यांचीच होती). आईचा फोटो आहे त्या जागीच राहील, तशी अट श्रीमती अरुणा यांनीच घातली आहे.

शुक्रवारी तुला हैदराबादला उत्तर द्यायचंय. रद्दी मीच देतो, मित्रा.

तरी हरकत असल्यास गुरुवारपर्यंत कळव. नसली तरी कळव.