साडूच्या रक्ताचा निकाल

ती. ताईस धाकट्याचा, नेहमीपेक्षा बराच खाली वाकून, नमस्कार.

तुझा गुडघा आणि भाऊजींचा खोकला आता आटोक्यात असतील अशी आशा आहे. आमच्याकडे सगळं ठीक नाही. तू माझी पत्रं अर्ध्यात सोडतेस, म्हणून मुद्दा आधी: गुरुवारी दाढ काढायला जाऊ नकोस. गेल्या पत्रात मी 'खुशाल जा' लिहिलं होतं, ते साफ चुकलं. फोन केला नाही, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि या वेळी प्रत्येक वाक्याच्या शेवटी माझी चूक आहे. तुझे दीर शर्टाचं माप द्यायला दुकानात आलेत, त्यांच्याच हाती हे पाठवतोय.

आमच्या कन्येचं नाक लहानपणापासून फुटतं आणि हल्ली दोन जिने चढले की तिला धाप लागते, हे तुला माहीत आहेच. आपल्या घरात याला 'उष्णता' म्हणून मोकळे होतात. डॉक्टरीणबाईंनी मात्र छातीचा फोटो काढला, तर फुफ्फुसात रक्तवाहिन्यांची दोन गाठोडी. मग जनुकाची तपासणी. रक्तवाहिनीला आतून पेशींचं अस्तर असतं (इथे मी पहिल्यांदा मान डोलावली, अस्तर हा माझा विषय). त्या पेशींवर ग्राही असतो, म्हणजे बाहेरून येणारा निरोप घेणारा. वाहिनीनं कुठे वाढायचं, कुठे थांबायचं, हे त्या निरोपावर ठरतं. आमच्या मुलीत तो ग्राही घडवणाऱ्या जनुकातच खोट आहे. त्यामुळे धमनी आणि शीर यांच्यामध्ये केसाहून बारीक जाळी हवी, ती काही ठिकाणी झालीच नाही, दोन्ही थेट एकमेकींना जोडल्या गेल्या. नाकात अशी जागा फुटून वाहते. फुफ्फुसात असली तर दातांतले जंतू गाळले न जाता मेंदूपर्यंत पोचू शकतात. ताई, अण्णा दाढ काढल्यावर तिसऱ्या आठवड्यात गेले. बाप मेंदूच्या तापानं गेला, असं आपण म्हणत आलो. बाई म्हणाल्या, आता खात्रीनं काही सांगता येणार नाही.

खोट कुणाकडून आली हे कळायला आईबापांचं रक्त हवं होतं. मी दिवसभर सुया दातांत धरणारा माणूस, पण सुईचं टोक माझ्याकडे वळलं की मी पळ काढतो. रक्त न्यायला माणूस घरी आला तेव्हा नेमका साडू आलेला. त्याला रक्त द्यायची भारी हौस, शिबिराचा फलक दिसला की याची बाही वर. बायको आपलं रक्त देऊन आत गेली, मी न्हाणीघरात कडी लावून बसलो आणि साडूनं माझं नाव सांगून हात पुढे केला. (खोट असलीच तर बायकोच्या माहेरची, माझी नळी केवळ रीत म्हणून जाणार, असा माझा पक्का समज होता. हे तिला अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.)

पहिला निकाल आला: आईबाप दोघंही स्वच्छ, मुलीत हा बदल नव्यानेच झालाय. मी छाती फुगवून तुला ते पत्र लिहिलं. आठ दिवसांनी पुन्हा बोलावणं आलं आणि बाईंनी फक्त बायकोला आत घेतलं. दार बंद. वीस मिनिटं मी बाकावर बसून मुलीच्या बाबतीत जे जे वाईट सुचलं ते सगळं मनात आणून घेतलं. आत बाई तिला अतिशय मवाळ शब्दांत विचारत होत्या की मुलीचे वडील नक्की कोण, कारण पडताळणीत माझं नाव असलेल्या रक्ताचा आणि मुलीचा काडीचाही संबंध लागत नव्हता. ती बाहेर आली आणि सरळ माझ्यासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही, म्हणून जास्तच भीती वाटली.

"रक्त कुणाचं दिलंत?"

"साडूचं," मी म्हटलं. बाकावरची दोन माणसं उठून लांब जाऊन बसली.

काल माझं खरं रक्त घेतलं (दोघांनी धरलं होतं). बाईंनी माझी मिशी वर करून ओठ पाहिला, तर खाली दोन लाल ठिपके. या आजाराची ती खूण. म्हणाल्या, निकाल यायला तीन आठवडे लागतील, बहिणीला आजच्या आज कळवा. आधी फुफ्फुसाची तपासणी, मग दाढ, तीही जंतू मारणाऱ्या औषधाच्या आडोशानं. सोबत त्यांची चिठ्ठी आहे, ती दातांच्या डॉक्टरांना दाखव. मुलीची गाठोडी पुढच्या महिन्यात शिरेतून बारीक नळी घालून आतल्या आत बंद करणार आहेत. मला झोप नाही.

तुझा, बोलणी खायला हजर असलेला,
धाकटा

ता. क. तू म्हणशील, माझं कुठे नाक फुटतं? ताई, तुझ्या उशीखालचे डागाळलेले रुमाल मी शाळेत असताना पाहिलेत. चाळीस वर्षं तू कुणाला पत्ता लागू दिला नाहीस, लग्न ठरताना तर नाहीच. मीही कधी बोललो नाही.

आणखी एक ता. क. पत्र दाढेसाठी लिहिलं हे खरं, पण मागणं वेगळंच आहे. 'बदल नव्यानेच झालाय' हे ऐकून आम्ही दोघं हसलो, तेव्हा मुलगी खोलीत जाऊन रडली. मला वाटलं, आजाराला घाबरली. साडूचं प्रकरण फुटल्यावर सगळे माझ्यावर तुटून पडले, ती तेवढी जवळ येऊन बसली. म्हणाली, "म्हणजे हे तुझ्याकडून आलं असेल? मग मी एकटीच नाही ना, बाबा?" मी 'एकटी नाहीस' म्हटलं, पण नुसत्या दोन ठिपक्यांच्या बापावर तिचा विश्वास बसेना. तू ये. तिच्याजवळ बस आणि तुझंही नाक फुटतं एवढं तिला तुझ्या तोंडानं सांग.