नऊ वेळा गैरहजर

सोमवार, २ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. पुढचं वाचून हा नमस्कार परत करावासा वाटला, तर खुशाल कर.

मागच्या पत्रात एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की शनिवारच्या वर्गातली शेवटच्या बाकावरची मुलगी गणित जड गेल्यामुळे यायची बंद झाली. ते खरं नाही. बाकीचे टक्केवारीत अडकलेले असायचे तेव्हा ती पुढचं उदाहरण सोडवून खिडकीबाहेर बघत बसलेली असायची. ती माझ्यामुळे गेली. पत्र लिहिताना मला हे पक्कं ठाऊक नव्हतं, पण शंका होती. शंका माझ्यावर होती आणि मी ती गणितावर ढकलली.

वर्गाचं तुला नीट सांगितलंच नव्हतं. दर शनिवारी हायस्कूलची पंधरा-सोळा मुलं आमच्या रुग्णालयात येतात. डॉक्टर-नर्स यांच्याखेरीजही इथे कितीतरी कामं असतात, ती त्यांनी बघावीत आणि जमलं तर त्यातलं एखादं पुढे आपलं करावं, असा बेत. यंत्रं सांभाळणारे तंत्रज्ञ त्यांना हृदयाचे ठोके कागदावर उतरवणारं यंत्र उघडून दाखवतात. माझ्याकडे आकडे. मुलं एकमेकांच्या नाड्या मोजतात आणि त्यांचे आलेख काढतात. ज्याला फुटबॉलपटूच व्हायचं होतं, तो आता म्हणतो की मी खेळाडूंच्या गुडघ्यांचा हिशेब ठेवीन. आणि या मुलीने पहिल्याच शनिवारी वर्ग सुटल्यावर मला विचारलं होतं की तुमचं काम करायला काय काय शिकावं लागतं.

दहा जानेवारीच्या शनिवारी मी नेत्रविभागाच्या नोंदी घेतल्या. तपासणीची वेळ घेऊन कोण येणार नाही हे आधी ओळखता आलं, तर त्याला आठवण करून देता येते. मी रोज हेच काम करते, म्हटलं तेच दाखवू. नावं, पत्ते, फोन सगळं काढून टाकलं. वय, स्त्री की पुरुष, आणि व्यवसाय एवढंच ठेवलं, कारण कोणत्या कामातली माणसं तपासणी जास्त चुकवतात, हाच त्या दिवसाचा धडा होता. भिंतीवर ठिपक्यांचा आलेख पडला. एक ठिपका सगळ्यांपासून लांब, एकटाच वर. आणि मला तुझा खेळ आठवला. दम्यापायी मला शाळेत धाडत नव्हते तेव्हा तू पलंगावर बटणं ओतायचीस आणि म्हणायचीस, यातलं वेगळं कोण ते शोध आणि ते वेगळं का पडलं याची गोष्ट रचून सांग. मी मुलांना तोच खेळ दिला आणि ठिपक्यामागची ओळ उघडली. स्त्री, वय सेहेचाळीस, घड्याळदुरुस्ती, नऊ वेळा गैरहजर.

एक जण म्हणाला की बाईंनी घरातली सगळी घड्याळं गिऱ्हाइकांना देऊन टाकली असतील. दुसरा म्हणाला की जगाची घड्याळं लावते आणि हिलाच वेळ कळत नाही. वर्ग खदाखदा हसला. आत्या, मीही हसले. वर त्या उत्तराला सगळ्यात चांगली गोष्ट म्हणून पेन बक्षीस दिलं.

या भागात घड्याळं दुरुस्त करणारी बाई एकच आहे. शेवटच्या बाकावरची मुलगी तिची लेक.

हे मला गेल्या शुक्रवारी कळलं. नेत्रविभागाच्या खिडकीवर बसणाऱ्या ताई रडकुंडीला येऊन सांगत होत्या, की घड्याळवाल्या बाई लेकीला, तुमच्या वर्गातल्या त्या मुलीला, घेऊन आल्या, आपले सगळे कागद मागून घेतले आणि पुन्हा पायरी चढणार नाही म्हणाल्या. बाजारात पोरं तिच्या दुकानावरून जाताना ओरडतात म्हणे, की जगाची घड्याळं लावते आणि हिलाच वेळ कळत नाही. गिऱ्हाइकं डोळे बरे आहेत ना, असं विचारून दिलेली घड्याळं परत नेतात. तिला वाटतं खिडकीवरच्या ताईंनीच बाहेर तोंड उघडलं. ते वाक्य मीच बक्षीस देऊन घरोघर धाडलं होतं. तिच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. उपचार थांबले तर नजर जाईल. हे तुला लिहितानाही मी पुन्हा तेच करते आहे. तू तिला कधी भेटणार नाहीस, एवढाच आधार. वाचून झाल्यावर पत्र फाडून टाक.

आमच्या विभागप्रमुख बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या की नाव नव्हतं, नियम मोडला नाही, तू राईचा पर्वत करू नकोस. शुक्रवारी वीस तारखेला माझ्या कायम नोकरीच्या पत्रावर सही व्हायची आहे, आणि पुढच्या वर्षी आणखी चार शाळा वर्गाला यायच्या आहेत. बोभाटा झाला तर दोन्ही लटकेल, हेही त्यांनी सुचवलं. खरं सांगते, ऐकून मला बरं वाटलं. घरी पोचेपर्यंत बरं वाटत होतं.

लोभ आहे तेवढाच राहू दे. वाढवू नकोस, सध्या तो पेलणार नाही.

तुझी,
मोजपट्टी


गुरुवार, ५ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,

अ. उ. आ. नमस्कार परत करत नाही, ठेवून घेतला आहे.

फोन केला नाहीस ते बरं केलंस. माझा उजवा कान आता कायमचा संपावर गेला आहे, आणि डाव्याला तुझं रडणं तेवढं कळतं, शब्द कळत नाहीत. पत्र फाडलं. त्याआधी दोनदा वाचलं. तुझ्या बापाला दाखवलं नाही. तो लगेच प्रवासाची पिशवी भरायला घेतो आणि मग ती तीन दिवस दारात पडते.

खेळ माझा होता, हे तू फार गोड शब्दांत लिहिलंस. म्हणजे निम्मं पाप माझ्या पदरात. घेते. पण बये, बटणांना हसलं तर बटणं रडत नाहीत, म्हणून तो खेळ होता.

तू लहानपणी वीस उदाहरणं दिली की एकविसावं स्वतःच घालायचीस आणि ते चुकलं म्हणून जेवायची नाहीस. तेव्हा अंगाला लावून घेण्यात तू पटाईत, हे मला नवं नाही. म्हणून तुझ्या चार पानांतलं किती खरं आणि किती एकविसावं, ते बघत होते. यावेळी सगळं खरं दिसतं. मात्र एक गोष्ट त्यात कुठेच नाही. ती बाई नऊ वेळा आली नाही, ती का? पोरांना गोष्ट रचायला लावलीस. खरी गोष्ट तू तरी शोधलीस का?

तुझ्या आजोबांचं मनगटी घड्याळ पार्सलने पाठवते आहे. ते गेल्यापासून बंद आहे. ते घेऊन तिच्या दुकानात जा. गिऱ्हाईक म्हणून गेलीस की बोलणं निघेल, आणि बोलता बोलता मनातलं सांगून टाक. एकदम तोंड घेऊन उभी राहिलीस तर तीही बावरेल आणि तूही.

माझी माया आहे. ती मोजायला बसू नकोस, सगळे आकडे कमी पडतील.

तुझी आत्या


मंगळवार, १० फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. घड्याळ मिळालं आणि ते चालूही झालं. त्याखेरीज काहीच झालं नाही.

दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा, दाराएवढी रुंद. काचेचं कपाट, एक दिवा, एक स्टूल. बाई डोळ्याला भिंग लावून बसल्या होत्या. आजोबांचं घड्याळ त्यांनी दिव्याखाली धरलं, मग उठून दारातल्या उजेडात नेलं आणि मान एका बाजूला वळवून कडेच्या नजरेने बघितलं. समोरचं आता धूसर दिसत असणार. आतला स्क्रू टेबलावर पडला तेव्हा त्यांनी लेकीला हाक मारली. ती आतून आली, बोटाचं टोक जिभेला लावून तिने तो बरोबर उचलला, आणि मान वर केली तेव्हा समोर मी.

ती आईला म्हणाली की या रुग्णालयातल्या मॅडम, आम्हाला शिकवायच्या. शिकवायच्या, असं म्हणाली.

बाईंनी पदराने स्टूल पुसून मला बसवलं. लेकीने वर्गात काही त्रास दिला का, असं विचारलं. तो विषय आपल्या कामाचा नाही असं ती म्हणते, तुम्ही तरी समजवा, म्हणाल्या. म्हणजे तिने आईला काहीही सांगितलेलं नाही, आत्या. माझ्यावर येईल म्हणून नाही सांगितलं, की आईला वर्गातलं हसणं कळू नये म्हणून, ते मला माहीत नाही. ती स्क्रू बसवणाऱ्या हातांकडे बघत उभी होती. तीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले की पट्टाही बदलून द्या.

नवा पट्टा घातलेलं घड्याळ घेऊन घरी आले. त्याच्याकडे बघवत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र शोधलं, आणि ते सगळ्यांत वाईट आहे. मूळ नोंदी उघडल्या. विभाग दोन वेगळ्या खुणा करतो. एक, माणूस आलाच नाही. दुसरी, आला, थांबला आणि नंबर लागायच्या आत निघून गेला. दुसऱ्या प्रकारची माणसं थोडी होती. मुलांना आलेख सोपा दिसावा म्हणून मी दोन्ही खुणा एकत्र केल्या आणि वर गैरहजर असं लिहिलं. बाई नऊपैकी सात वेळा आल्या होत्या. सकाळी येऊन दुपारपर्यंत बाकावर बसल्या होत्या आणि मग दुकान उघडायला परत गेल्या होत्या. आळस, विसरभोळेपणा, वेळ न कळणं, यातलं काही नव्हतं. सगळ्यांपासून लांब पडलेला तो ठिपका मी तयार केला होता.

आणि हे तुला आधी लिहिलं नाही: खेळ सुरू व्हायच्या आधी त्या मुलीने हात वर केला होता. गैरहजर म्हणजे नक्की कोण, असं तिने विचारलं. जो येत नाही तो, असं मी म्हणाले आणि पुढे गेले. माझ्या कामातला पहिला प्रश्न तोच असायला हवा होता, आणि तो तिने विचारला.

आता वाटतं, एकवीस तारखेला समारोपाच्या वर्गात सगळं सांगावं. पण सांगितलं तर त्या बाईंना पुन्हा चारचौघांत उभं करणं होतं. नाही सांगितलं तर ते वाक्य बाजारात फिरत राहतं. दोन्हीकडून मीच.

लोभाचं या वेळी काही मागत नाही. शिव्या पाठव.

तुझी,
मोजपट्टी


शुक्रवार, १३ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,

अ. उ. आ. शिव्या तुला नाहीत, मलाच घातल्या. घड्याळ घेऊन जा, ही माझी अक्कल. माफी मागायला जाताना हातात दुसरं काम नेऊ नये. काम झालं की माणसाला निघायला निमित्त मिळतं, आणि तू निमित्त मिळालं की सोडणारी नाहीस.

वर्गात सांगायचं की नाही, हा पेच तू एकटीच सोडवत बसली आहेस. तो तुझा नाहीच. ज्या बाईचं नाव निघणार तिला विचार. ती नको म्हणाली तर नको. तू एकदा तिला न विचारता तिची गोष्ट पोरांपुढे मांडलीस. आता माफीसुद्धा तिला न विचारता मांडू नकोस.

आणि त्या खिडकीवरच्या बाईंचं काय? त्यांच्यावर आळ आहे आणि तुला तो ठाऊक आहे. तुझी दातखीळ जितके दिवस, तितके दिवस तो त्यांच्या डोक्यावर.

नोकरीचं मला काही कळत नाही, आणि कळतं असा आवही आणत नाही. गेलीच तर इकडे ये. माझ्या कानाची जागा रिकामी आहे, काम बसून करायचं आहे.

आज पेन फार दाबून लिहिलं म्हणून अक्षर असं जाड आलं आहे. राग नाही. काळजी आहे, आणि ती तुझ्या वाटणीची नेहमीचीच.

तुझी आत्या


सोमवार, १६ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

आज सकाळी खिडकीवरच्या ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली नोंदवही मिटली. मग म्हणाल्या की तरीच ती माझ्याकडे बघत नाही. जाऊ दे, असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि त्यांनी म्हणावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. दुपारी स्वतःहून आल्या आणि म्हणाल्या की डॉक्टरांशी बोलले आहे. बाई परत यायला तयार झाल्या, तर सकाळची पहिली वेळ त्यांची, बाकावर बसायला नको. मी मान खाली घालूनच आभार मानले.

मग प्रमुख बाईंना लिहून दिलं, की तो आलेख चुकीचा आहे, दोन वेगळ्या खुणा मी एक केल्या, आणि व्यवसाय ठेवल्यामुळे माणूस ओळखू येतो. शनिवारी समारोपाला पालक येणार आहेत, तेव्हा तो भिंतीवर लावू नये. त्यांनी कागद वाचून उलटा ठेवला. म्हणाल्या की इतकं बोचत असेल तर जा, पण शुक्रवारची सही होऊ दे, मग शनिवारी-रविवारी जा, म्हणजे दोन्ही साधेल. लपवायचं काहीच कारण नाही, आत्या: कालपर्यंत मीही मनात तेच ठरवलं होतं. रविवारचा दिवस चांगला, दुकानात गर्दी नसते, असंही स्वतःला समजावलं होतं. पण सही पिशवीत ठेवून तिच्या पुढ्यात उभी राहिले, तर ती मला जे काही बोलेल त्याने माझं काहीच बिघडणार नाही. तशी माफी मला मागायची नाही.

हातात काही नेणार नाही. लेकीसमोरच बोलेन, तिने एकटीने हे पोटात ठेवलं आहे ते पुरे झालं. आधी सांगेन की ते वाक्य माझ्या वर्गातून निघालं, खिडकीवरून नाही. मग सांगेन की तुम्ही सात वेळा आला होतात, आणि नोंदींत तसंच लिहिलेलं आहे; खोडलं ते मी. मग विचारेन की शनिवारी मुलांपुढे काय बोलू आणि काय नको. त्या काहीच बोलू नको म्हणाल्या, तर आलेख चुकला एवढंच मुलांना सांगेन आणि कुणाचा ते सांगणार नाही. मुलीने वर्गात परत यावं, असं मी म्हणणार नाही. तिचा प्रश्न बरोबर होता, एवढं मात्र तिला सांगायचं आहे. शटर माझ्या तोंडावर ओढलं, तर बाहेर उभी राहून सांगेन. आवाज कापेल. कापू दे.

जेवण जात नाही हे बाबांना कळवू नकोस, ते पिशवी भरतील.

माझ्यावर जीव ठेव, पण मी चुकलेच नाही असं समजून नको, चुकले हे धरून ठेव.

जाते आहे गुरुवारी, एकोणीस तारखेला, सकाळी दुकानाचं शटर वर जातं तेव्हा.

तुझी,
मोजपट्टी