गोठ्यामागचं झाड

आई, आज गोठ्यामागच्या त्या रिकाम्या जागेवर उभी राहून मी मोठ्यानं म्हणाले, माझी आई इथं भांगेचं झाड लावायची आणि त्यात तिचं काहीही चुकलं नव्हतं. भाऊ म्हणाला, "अगं, हळू बोल." का म्हणून हळू बोलू? तुझ्याबद्दल आजवर हळूच बोलत आले.

काल माहेरी येताना सूनबाईनं कापूरहोळला गाडी थांबवली आणि एका झकपक दुकानातून भांगेच्या बियांचं पाकीट घेतलं. "चटणीत घाला आई, तब्येतीला चांगलं. आता कायद्यानं चालतं." बी चालतं, पण आपल्या दारात झाड चालत नाही. लांब कुठल्यातरी राज्यात परवाना घेऊन पिकवतात म्हणे. मला इतका संताप आला की पुढचा रस्ताभर मी तिच्याशी बोलले नाही. बिचारीचा काय दोष!

तुझं तर एकच झाड होतं. बैलाला हगवण लागली की वाळवलेली पानं गुळात मळून चारायचीस. पार विंझरहून माणसं यायची. पुढं कायदा कडक झाला आणि गावाची जीभही बदलली. देवळामागं चिलीम ओढणाऱ्यांना बुवा म्हणायचे, तुला मात्र गांजेवाली. शाळेत मुली मला गांजेवालीची पोरगी म्हणून चिडवायच्या. तुला सांगितलं, तर म्हणालीस, "म्हनू दे. त्यांच्या बा-ला इचार, बैल कुनी वाचिवला."

मग तो दिवस. पोलीस पाटील दोन शिपाई घेऊन गोठ्यामागं आलाय आणि तू पदर खोचून झाडापुढं उभी आहेस. "धा गावची जनावरं ह्या पाल्यावर हुबी ऱ्हायली, तवा कुठं हुता तुमचा कायदा?"

"वैनी, वरनं हुकूम हाय. तुमाला आत न्यायची पाळी आणू नगा."

त्यांनी झाड उपटलं आणि अंगणात आणून जाळलं. तू धुराकडे बघत नव्हतीस, काकीच्या दाराकडे बघत होतीस. "माझ्या जावंनंच चुगली केली," म्हणालीस, आणि मरेपर्यंत तिच्याशी बोलली नाहीस. माझ्या लग्नातही तिला हळदीला हात लावू दिला नाहीस.

आज ते पाकीट घेऊन मी काकीकडे गेले. आता तिला नीट दिसत नाही. तिनं बी तळहातावर घेतलं, दाताखाली चावून पाहिलं. "तुज्या आईच्या झाडाचं हाय की गं!" मग उरलेलं बी पाकिटात परत टाकत म्हणाली, "म्या न्हवतं सांगितलं. तिला कदी पटलंच न्हाई."

सरकारशी, गावाशी, सुनेशी, सगळ्यांशी भांडायला निघालेली मी. पण मी म्हणाले, "काकी, चहा गार होतोय."

मी सांगितलं होतं, आई. शाळेतून येताना, पाठीवर दप्तर घेऊन, पाटलाच्या ओसरीवर. मला फक्त ते चिडवणं थांबायला हवं होतं. हे पत्र तुला कधी पोचणार नाही, म्हणून तर एवढं धीटपणे लिहिता आलं. जिला पोचेल ती काकी इथून तीन दारं सोडून राहते, आणि परवा मी सासरी परत चाललेय.