बाबांनी पास केलेलं टेबल

गुरुवार, ११ सप्टेंबर

प्रिय बाळ्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. आईचा खोकला थांबला. फोनवर तू "बरं आहे"च्या पुढे जात नाहीस, म्हणून हे पत्र.

बाबांशी भांडून तू कारखाना सोडलास, तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. आज बोलते. तुझ्या जागी आता मी लाकूड घासते. फोन घेणारी, गिऱ्हाईकांशी गोड बोलणारी मी, आणि हातात सँडपेपर!

बाबांचं शिकवणं तुला माहीतच आहे. "लाकडाच्या रेषांना आडवा हात नेऊ नकोस, ओरखडे पडतात." "दाबतेस कशाला, कणीक मळतेयस का?" "जाड कागदावरून एकदम बारीकवर उडी मारलीस, मग मधले ओरखडे कोण काढणार, तुझा मामा?" मी खांदे मोडेस्तोवर घासायचं, त्यांनी डोळे मिटून बोटं फिरवायची आणि म्हणायचं, "परत." चूक काय, ते सांगायचं नाही. एकदा वैतागून मी सँडपेपर गुंडाळलेला ठोकळा भिरकावला. त्यांनी तो उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "परत."

त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले. त्यांच्या तोंडून एकदा "छान" ऐकायला जीव नुसता तडफडत होता.

मंगळवारी ऐकलं. जेवणाच्या टेबलाची वरची फळी होती. रागाच्या भरात तिचा एक कोपरा मी आडवाच घासला होता. नीट करणार तेवढ्यात बाबा आले. बोटं फिरवली आणि म्हणाले, "छान. जमलं तुला. लाव पॉलिश."

मला वाटलं, टोमणा असेल. चेहरा बघितला, तर खरंच खूश होते. ओरखडे मला लांबून दिसत होते. त्यांनी नेमका त्यांच्यावरूनच पुन्हा हात फिरवला. "लोण्यासारखं झालंय."

बाळ्या, त्यांची बोटं बधिर झाली आहेत. रक्तातल्या साखरेमुळे. गेलेली संवेदना परत यायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. कप सुटला की "ओला होता" म्हणतात. तुला कळवायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद आहे. आणि डोळ्यांनी लाकूड त्यांनी कधी तपासलंय?

मी "हो बाबा" म्हटलं. ते जेवायला गेल्यावर तो कोपरा पुन्हा घासला. आता ओरखडे दिसत नाहीत, पण तो खरंच नीट झालाय की नाही, माझ्या बोटांना कळत नाही. सांगणारं कोणी उरलं नाही. टेबल पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईकाकडे जायचंय.

तुमच्या भांडणात मी पडत नाही. पण एकदा ये. तुझ्या बोटांना कळतं, हे बाबाही नाकारत नव्हते. हात फिरव आणि खरं काय ते मला सांग. त्यांच्यासमोर नको.

काल ते शेजाऱ्यांना सांगत होते, "पोरगी तयार झाली." मी मान वर केली नाही.

अजून तयार न झालेली,
तुझी ताई