कापलेली तिसरी तार

मंगळवार, जानेवारी १९७४
किन्हीराजा

संताप जात नाही, म्हणून लिहिते आहे. चुलीच्या धुरानं मायचा दमा वाढतो, म्हणून मी वाशिमहून पाणी तापवायचा विजेचा रॉड आणला. तिला समजावलंही होतं, की नळीच्या आत तारेचं वेटोळं असतं, विजेनं ते तापतं आणि पाण्याला फक्त ऊब मिळते. वीज पाण्यात उतरत नाही.

आज संध्याकाळी रॉड चालू असतानाच तिनं पाणी तापलं का ते पाहायला बादलीत बोट घातलं आणि झटक्यानं मागं पडली. थोडक्यात वाचली. बोट अजून बधिर आहे.

"वीज पाण्यात येत नाही म्हणत होती ना तू? मंग मले काहून झटका बसला?"

मी आधी बटण बंद केलं. मग प्लग पाहिला. आमच्या भिंतीत दोन भोकांचीच जागा, म्हणून धाकट्या भावानं, मधूनं, तीन पिनांचा प्लग काढून दोन पिनांचा लावलेला. तिसरी तार सरळ कापून टाकलेली. नळीतून वीज गळलीच तर ती जमिनीत नेणारी हीच तार. मी तरी आधी का पाहिलं नाही?

"फालतूच होती ते तार, ताई," मधू म्हणाला. मी त्याला वाट्टेल ते बोलले. तो न जेवता निघून गेला.

"पोराले काहून बोलली तू? त्यानं माह्यासाठीच केलं ना."

माय आता खोकत चूल फुंकते आहे. मी करते म्हटलं, तर ऐकत नाही. त्या बधिर बोटानं मधूसाठी भाकर थापते आहे.