माडग्याळ मेंढा परत गेला

सांडोर. सोमवार, दिवेलागण.

माझ्या नवऱ्याने, सुधीरने, आज टेम्पोतून माडग्याळ जातीचा मेंढा आणला. केवढा थोराड! मी त्याला आधीपासून नको म्हणत होते. आमच्या दख्खनी मेंढ्या लहान चणीच्या. गेल्या खेपेला असल्याच मेंढ्याचं कोकरू आमच्या काळी नावाच्या मेंढीच्या पोटात अडलं आणि दोघंही गेली. केळीखाली पुरली. गॅरोल जातीचा छोटा मेंढा आणू, जुळी होतील, या दमट हवेत तगतील, किती सांगितलं. "मग वजन कुठून येणार?" एवढंच त्याचं.

मेंढा कुंपणात सोडला आणि सगळ्या मेंढ्या केळीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. समोरच्या चाऱ्याला एकीनेही तोंड लावलं नाही. तेवढ्यात कोकरू ओरडलं. अगदी बारीक. आमच्याकडे सध्या एकही कोकरू नाही, शेजारी तर कुणी मेंढ्याच पाळत नाही. पुन्हा ओरडलं, केळीखालूनच. भास? मग मेंढ्यांनी कान का टवकारले?

सुधीरने टेम्पोवाल्याला थांबवलं, मेंढा परत चढवला. हात धुताना हळूच म्हणाला, "गॅरोलच बघू. तुला काही ऐकू आलं का गं?"

मी नाही म्हटलं. का म्हटलं? आता तो ओटीवर एकटाच घाबरून बसलाय, आणि मी आत.